सर्जेराव कोथिंबिरीत पडतो

प्रफुल्लची नोकरी देवळाली कॅम्पातल्या एका चष्म्याच्या दुकानात, फ्रेमला काचा बसवायची. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून खपणाऱ्या या माणसाला एकच हौस होती, आणि तीच कोणाला दिसत नाही असं त्याला वाटे.

दिवाळीचा किल्ला मोडताना मुलांनी फेकून दिलेला, एक हात तुटलेला मातीचा मावळा त्याने उचलून घरी आणला. त्याचं नाव ठेवलं सर्जेराव. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे जुन्या चष्म्याची काच धरली की बोटभर सर्जेराव चांगला पुरुषभर दिसे. मग फ्लॉवरचं जंगल झालं, तुरीच्या डाळीचं वाळवंट झालं, आतून पोखरलेल्या पावाची गुहा झाली आणि प्लॅस्टिकची पाल खलनायक झाली. दर रविवारी पाच फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळी, असा 'काळ्या दरीचा खजिना' त्रिशरण कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊ लागला. "तुमचा सर्जेराव खजिन्याला पोचेल तेव्हा पोचेल, मला फ्लॉवर कधी मिळणार ते सांगा," असं त्याची बायको अंजली म्हणे, आणि तोवर कांदे सोलत बसे.

ग्रुपवर मात्र शुकशुकाट. शुभ सकाळच्या गुलाबाला ढीगभर नमस्कार, पण सर्जेराव पालीच्या जबड्यातून निसटला तरी कोणी चकार शब्द काढत नसे. कोणीतरी एकदा, निदान एकदा, 'पुढे काय?' विचारावं एवढीच प्रफुल्लची भूक होती. वर्ष उलटलं आणि ग्रुपचे ॲडमिन भिमाजी यांचा मेसेज आला, 'ग्रुपवर कामाचेच मेसेज टाकावेत.' नाव कोणाचं नव्हतं, तरी तो प्रफुल्लला बरोबर लागला. पुढच्याच रविवारी त्याने सर्जेरावाला कड्यावरून खाली लोटलं, शेवटच्या फोटोखाली 'सर्जेराव गेले' असं लिहिलं आणि फोन उपडा ठेवून तो आंघोळीला गेला.

आता आपल्याकडच्या ग्रुपांची एक खोड आहे. कोणी गेल्याचं दिसलं की बोटं आपोआप चालतात, कोण गेलं ते नंतर बघायचं. प्रफुल्ल अंग पुसत बाहेर आला तर ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागलेली. एकाने तर 'आजारी होते का?' असंही विचारलं होतं. कोणी काही वाचलंच नव्हतं याचा आणखी कुठला पुरावा हवा? त्याला हसूसुद्धा येईना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या भागीबाई, हातात झाकलेली पातेली. मागे त्यांची सून तेजल, फडक्यात भाकऱ्या घेऊन. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजाऱ्यांनी न्यायची, ही रीत. प्रफुल्ल ओशाळला.

"मावशी, गैरसमज झाला तुमचा. घरात कोणी गेलेलं नाही. तो मातीचा बाहुला..."

"मला म्हाईत हाय की," भागीबाई आत येऊन बसल्या. "वाचता येत नाय मला, पर फोटू दिसत्यात. डोळ्याचं आपरेशन झाल्यावर तूच चष्मा बसवून दिला ना? तवापासून दर रविवारी बघते. खालचं ही वाचून दाखवती."

"दोन बोटांनी फोटो मोठा करकरून बघतात," तेजल म्हणाली. "तोवर मला चहा ठेवायचीही मुभा नाही."

"मग कधी काही बोलला का नाहीत?" प्रफुल्लने मावशींना विचारलं.

"आरं, कोनी गोष्ट सांगत असला तर मधी बोलत्यात व्हय? गप ऐकायचं आसतं. पर आज बोलनार. आज तू लबाडी केली. दरीत खाली कोथिंबीर हाय, मी मोठा करून बघितला. कोथिंबिरीत पडून मानूस मरतंय का कुठं?" त्यांनी पातेली पुढे सरकवली. "खरंच मेला आसंल तर हे खा. नसंल मेला, तर पुढं काय ते सांग."

वर्षभर प्रफुल्ल ज्याला शुकशुकाट समजत होता, ते समोरच्या दारामागे कुणाचं तरी मन लावून ऐकणं होतं. या बाईचे किती उपकार मानावेत ते त्याला कळेना. "अंजली," त्याने स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं, "ती जुडी चिरलीस का?"

"नाही," आतून उत्तर आलं. "राखून ठेवलीय."

म्हणजे सर्जेराव जिवंत होता, आणि पिठलं दुखवट्याचं राहिलं नाही. चौघांनी बसून ते चाटूनपुसून खाल्लं.

पुढच्या रविवारी पहिला फोटो आला. अंगाला कोथिंबिरीची पानं चिकटलेला सर्जेराव एका हाताने काठ धरून एका अवाढव्य धातूच्या जहाजातून डोकावत होता. जहाजावर नाव कोरलेलं होतं, भागीबाई. 'श्रद्धांजली मागे घेतो,' भिमाजींनी लगेच लिहिलं.

भागीबाईंना ते नाव वाचता आलं नाही. पण आपली पातेली त्यांनी काठाच्या पोच्यावरून ओळखली. चप्पल न घालताच त्या समोरच्या दारात आल्या आणि चष्मा सावरत म्हणाल्या, "पातेली राहू दे तुझ्याकडंच. आन् ती आता कुठं जाती, तेवढं सांग."