भिडंतीतला फोटोवाला

इसोझाकी फोटोवाल्याला आपण फारसं ओळखतच नव्हतो, हे ओचियाईला त्याच्या माघारी कळलं. दोघांचा उभा जन्म एकाच बंदरगावात गेला. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर इसोझाकीचं दुकान, समोर ओचियाईचं दोरखंडांचं. तरी त्याने लग्न का केलं नाही, सुट्टीच्या दिवशी तो कुठे जातो, हे ओचियाईने कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ठाऊक होतं ते एवढंच, की भातकापणीनंतरच्या ढोलांच्या उत्सवात हा बुटका, खोकणारा माणूस वेडापिसा व्हायचा.

बंदरआळी आणि देऊळआळी आपापला ढोलाचा रथ खांद्यावर घेऊन धक्क्यावर यायच्या आणि एकमेकांवर घालायच्या. दांड्यांखालच्या गड्यांना पुढचं काही दिसत नसे. आपला ढोल वाजतोय तोवर रेटायचं, एवढंच त्यांना कळे. ज्यांचा ढोल आधी थांबला, ते हरले.

बंदरआळीचा ढोल ओचियाईकडे होता. मागच्या दोन्ही वर्षी देऊळआळीने त्यांचं नाक कापलं होतं.

"ओचियाईदादा, यंदा थांबलात तर टिपरू घशात घालीन तुमच्या," आळीचा म्होरक्या कानेशिगे साकेची दारू ओतत म्हणाला.

"जरा उजेडात घाल," इसोझाकी म्हणाला. "मला फोटो काढायचाय."

सगळे खो खो हसले.

पहिल्याच धडकेत एक दांडा मोडला आणि त्याचं टोक एका पोराच्या गालातून आरपार गेलं. मग कोणी कोणाचं राहिलं नाही. गडी एकमेकांच्या तोंडावर लाथा घालत होते, केस धरून डोकी खांबावर आपटत होते. फरशी रक्ताने निसरडी झाली. ओचियाई रथावर बसून ढोल बडवत होता.

तेवढ्यात त्याला खाली इसोझाकी दिसला. दोन रथांच्या मधे तो उताणा पडला होता. बंदरआळीच्याच दांड्याने त्याचा उजवा हात चेचला होता. आणखी एक रेटा, की छातीच गेली. ओचियाई ओरडला, पण ढोलापुढे त्याचा आवाज कोणाला ऐकू जाणार? आणि तो फोटोवाला डाव्या हाताने कॅमेरा वर धरून होता! त्याचे रक्ताळलेले ओठ ओचियाईला स्पष्ट दिसले. वाजव, गाढवा! वाजव!

ओचियाईने टिपरी टाकून दिली.

बंदरआळीचे गडी जागीच थबकले. देऊळआळीने जल्लोष केला. त्या गडबडीत कोणीतरी इसोझाकीला पायाला धरून ओढून काढलं. कानेशिगेने ओचियाईला रथावरून खाली खेचलं आणि त्याच टिपराने त्याचे पुढचे दात पाडले. आळीतल्या एकानेही हात मधे घातला नाही. त्यानंतर ढोलाला त्याला कोणी शिवू दिलं नाही.

"फोटोची माती केलीस," दवाखान्यात इसोझाकी एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

त्याचा उजवा हात काही परत उचलला गेला नाही. दुकान बंद झालं. हिवाळाभर ओचियाई रोज त्याच्याकडे कालवण घेऊन जायचा. थांबलो ते बरं केलं का रे, हे विचारायचं रोज ठरवायचा आणि भांडं ठेवून परत यायचा. एका सकाळी शेजारणीला इसोझाकी अंथरुणातच गेलेला सापडला. आदल्या संध्याकाळीही ओचियाई गेला होता.

"मुळा फार शिजलाय," इसोझाकी म्हणाला.

"दात कुठायत मला? मऊच करतो."

"मला आहेत ना! उद्या कमी शिजव. आणि दार ओढून घे, मांजर येतं."

"घेतो."