मामांच्या हाकेला शेळ्या

आमचे मामा गेल्या महिन्यात गेले. लोक विचारतात काय काम करायचे ते. विमानाच्या पट्टीवरून जनावरं हाकलायचे, दुसरं काय. गावाबाहेर छोटी विमानं उतरतात ना, तिथे. कुंपण जागोजागी तुटलेलं, आणि सकाळच्या गारठ्यात डांबर लवकर तापतं म्हणून शेळ्या, कुत्री सगळी तिथेच येऊन बसायची. विमान आधी वर एक घिरटी घालायचं, तेवढ्यात मामांनी पट्टी मोकळी करायची, मग ते उतरायचं. सुट्टी नाही, कारण विमान कधी येईल नेम नाही. "थकलो गं" इतक्यांदा म्हणायचे की मामी मनावरच घ्यायची नाही.

हाकलताना मामा तोंडातून आवाज काढायचे नाहीत, पत्र्याचा डबा बडवायचे. कारण घरची शेळी. तिची आई मेली तेव्हा मामांनीच तिला बाटलीने दूध पाजलेलं. मामांचा आवाज आला की ती धावत यायची, आणि तिच्यामागे अख्खा कळप. मामी म्हणायची, "मी हाक मारली तर तुम्ही ओ देत नाही, आणि ही बघा कशी येते!"

त्या दिवशी विमान माझ्या मामेबहिणीलाच न्यायला येत होतं. बाळ आडवं आलेलं, रस्त्याने दवाखाना गाठणं शक्यच नव्हतं. मामांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. डबा घरीच विसरले. वर विमान घिरटी घालायला लागलं आणि मामा ओरडले, "हट्! हट्!"

झालं. शेळी वळली ती सरळ मामांकडे, पट्टीच्या मधोमध. मागून सगळ्या. खाली आलेलं विमान परत वर गेलं.

पट्टीच्या कडेला पोरीजवळ उभी असलेली मामी किंचाळली, "अहो, काय करताय! पोरगी हातची जाईल!"

आता हाकलणार कसं? म्हणून मामा स्वतःच पळाले. गुडघे कामातून गेलेले, तरी "ये गं, ये" करत कुंपणाच्या फटीतून बाहेर, आणि शेळ्या मागोमाग. मग फटीतच बसले, शेळीच्या गळ्यात हात टाकून. विमान उतरलं.

विमानात चढवताना पोरगी विचारत होती, "बाबा कुठे आहेत?"

मामी म्हणाली, "शेळ्या धरून बसलेत. तू जा."

मामांनी लांबून नुसता हात वर केला. उठले असते तर सगळ्या परत आत.

विमान गेल्यावर घरी आले आणि चपलांसकट आडवे झाले. संध्याकाळी फोन आला. मामीने हलवलं, "उठा हो, आजोबा झालात. दोघंही बरी आहेत."

मामांनी डोळे न उघडता विचारलं, "पट्टी मोकळी आहे ना?"

"आहे हो, आहे."

मग त्यांनी कूस बदलली.