घागरीपासून लांब

सुभीच्या तळहातावर छडी मी मारली. हेडमास्तरांनी नाही, गावानंही नाही. मीच. ती आमच्या महारवाड्यातली आणि मीही महारच. कडेगावजवळच्या त्या शाळेत मास्तर होतो. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती.

गणित आधी हातानं करावं, फळ्यावर नंतर, असं मी मनापासून मानायचो. घागरीत तांबे किती मावतात, हे पोरांनी ओतून बघायचं. पण घागर पिण्याच्या पाण्याची. पहिल्याच दिवशी हेडमास्तर वर्गासमोर म्हणाले, "मास्तर, सरकारनं तुमच्या हातात खडू दिलाय, घागर नाही. लांब उभं राहा."

पोरं हसली. मी लांब उभा राहिलो. शिकवत राहिलो. आमच्या घरातली ती पहिली नोकरी होती.

गावची पोरं ओतायची, मोजायची. सुभी दाराबाहेर बसून बघायची. एकदा तिला विचारलं, "अर्ध्या घागरीला तांबे किती?" ती चुकली. पुन्हा चुकली. हेडमास्तर बघत होते. मी छडी उचलली.

ती रडली नाही. म्हणाली, "मला वतू द्या की मास्तर. न वतता कसं कळंल?"

माझंच म्हणणं होतं ते. मी तिला म्हणालो, "गप बस."

दुसऱ्या दिवसापासून ती यायची थांबली. शेण गोळा करत हिंडू लागली. मी बोलवायला गेलो, तर तिची आई म्हणाली, "आवं, तुमालाच तितं कशालाबी हात लावू देत न्हाईत. तुमी माझ्या पोरीला काय शिकवणार?"

मी म्हणालो, "उद्या पाठवा. मी न्यायला येतो."

सकाळी सुभीला घेऊन दारातून सरळ आत गेलो. घागर उचलून तिच्यापुढं ठेवली. एक पोरगं ओरडत पळालं. हेडमास्तर धावत आले.

"मास्तर, नोकरी जाईल!"

"जाऊ द्या."

नोकरी गेलीच, महिन्याभरात. पण त्या सकाळी मी तांबा पुढं केला, तर सुभी घेईना. छडी कुठं आहे ते बघत होती. साऱ्या वर्गासमोर मी खाली बसलो.

"सुभे, तुझं बरोबर होतं. मी ह्यांना भ्यालो आणि तुला मारलं. मला माफ कर. आता तू वत. कोण अडवतंय ते मी बघतो."