कानस आणि गिरणीची किल्ली

गिरणीवालीला गाव तोंडावर काकी म्हणायचं आणि पाठ वळली की कानस. कानस लोखंड घासते, ही माणसं घासायची. तिनं नुसतं "ये" म्हटलं तरी समोरच्याची साल निघायची.

"हे गहू आहेत, की अंगण झाडून आणलंस?"

"डबा शेवटचा कधी घासलास गं? लग्नात मिळाला तेव्हा?"

हा तिचा नमस्कार. नंबर डब्यांचा लागायचा. माणसं आपली डब्यामागे उभी राहून शिव्या खायची, कारण आसपास दुसरी गिरण नव्हती. होती ती कालव्यापलीकडच्या गावात, आणि त्या गावाशी यांचं तीन पिढ्यांचं वाकडं.

गिरण आणली कानसच्या सासऱ्यानं. तेव्हा रस्ताही नव्हता. गिरणीच्या दगडांची बैलगाडी ओढ्यात रुतली आणि अख्ख्या गावानं ती शिव्या देत देत बाहेर काढली. त्याच आठवड्यात बायकांनी घरातली जाती उचलून दारात उलटी टाकली आणि त्यांच्या पायऱ्या केल्या. अजून त्या पायऱ्यांवर बसून उखाळ्यापाखाळ्या चालतात. आधी तेलाचं इंजिन होतं, मग वीज आली. कालव्याचं पाणी आलं तसं भरड धान्य मागं पडून गहू पुढं आला. आणि पाण्याबरोबर भांडण आलं. पाण्याच्या पाळीवरून वरची आळी आणि खालची आळी अशी जुंपली, की वरच्या आळीच्या दळणानंतर खालच्या आळीचा माणूस गिरणीच्या पेटीत डबा ओतेना. का? तर दगडात मागच्याचं मूठभर पीठ राहतं. वैऱ्याचं पीठ पोटात जाईल ना!

कानसनं तोडगा काढला. मधे स्वतःचं पसाभर धान्य टाकायची. "घ्या. आता दोघंही माझं खा आणि मरा."

तर नवरा गेल्यावर ती एकटीच गिरण चालवत होती आणि गिरणीमागच्या खोलीत राहत होती. दिराचा डोळा होता गिरणीवर. त्याच्या जावयाचं शहरातलं दुकान बसलं होतं आणि जावई सासऱ्याच्या ओसरीवर बसला होता. गिरण गेली की मागची खोलीही जाणार, हे कानसला पक्कं ठाऊक होतं. मग उरलेलं आयुष्य जावेच्या स्वयंपाकघरात, जावेच्या हाताखाली. त्यापेक्षा गिरणीच्या पट्ट्यात पदर अडकलेला बरा.

दिरानं गावातली चार जाणती माणसं गिरणीच्या दारात बसवली.

"म्हणजे कसं आहे वहिनी," दीर म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुटायचं. "म्हणजे कसं आहे, तुमचं वय झालं."

"तुमचंही झालं की भाऊजी. अक्कल तेवढी यायची राहिली."

"बघा! बघा कशी बोलते!" चौघांतला एक उसळला. कानसनं त्याला एकदा भर रांगेत रिकामं पोतं म्हटलं होतं. बाकीच्यांचेही असेच जुने हिशेब होते. निकाल व्हायला वेळ लागला नाही. किल्ली जावयाला द्यायची.

आता, आदल्याच दिवशी कानसनं दगड टाकवून घेतले होते. दगड झिजले की टाकी मारून पुन्हा खरखरीत करावे लागतात, आणि मग पहिल्या दळणात दगडाची बारीक खर पिठात उतरते. म्हणून आधी कोंडा दळून फेकायचा, मग थोडं पीठ मालकानं स्वतः चावून बघायचं. कचकच थांबेपर्यंत कुणाचा डबा घ्यायचा नाही. सासऱ्यापासूनचा नियम.

किल्ली देताना कानसनं तेच सांगायला तोंड उघडलं.

"मी काही बोलत नाही हं," जाऊ म्हणाली. तीही कायम इथूनच सुरू करायची. "पण ताई, आता तोंड मिटा. पुष्कळ झालं."

चारचौघं हसले. कानसनं तोंड मिटलं.

जावयानं झोकात बटण दाबलं. उत्साह केवढा! वरची आळी, खालची आळी, कुणालाच नकार नाही. कानस पायरीवर बसून एकेक डबा जाताना बघत राहिली. हसलीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी घराघरातून एकच आवाज. कच्च. कच्च. दोन्ही आळ्या पहिल्यांदाच एका सुरात थुंकत होत्या.

सकाळी सगळं गाव दारात.

"ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस, मेल्ये?"

"तोंड मिटायला सांगितलं होतं. चारचौघांत. मिटलं."

जावई मागच्या मागे शहराच्या गाडीत बसला. दिरानं किल्ली तिच्या पुढ्यात भिरकावली. "घ्या! म्हणजे कसं आहे, तुमची गिरण तुम्हालाच लखलाभ!"

किल्ली आली, पण डबे आले नाहीत. गाव हट्टाला पेटलं. तीन पिढ्यांचं वाकडं गिळून माणसं कालव्यापलीकडे दळायला जाऊ लागली. कानसनं कोंडा दळला, पीठ चावून पाहिलं. कचकच गेली होती. पण दारात चिटपाखरू नव्हतं. जाऊ मात्र मुद्दाम गिरणीवरून जायची, डोक्यावर डबा घेऊन. "मी काही बोलत नाही हं. तिकडे किती गोड बोलतात, एवढंच म्हणते."

कानस रोज दार उघडायची, दगड पुसायची आणि रिकाम्या पायरीलाच चार शब्द सुनवायची. अजून असंच चाललं तर दाराला कुलूप आणि जावेची चूल.

मग एके दिवशी खालच्या आळीतली म्हातारी आली. पिशवी आपटली आणि ओठ वर करून हिरडी दाखवली.

"बघ, सटवे. पुढचा दात. तुझ्या दगडानं नेला."

"एकच होता का?"

"तोंडात किडे पडोत तुझ्या! ते पलीकडचे गोड बोलून जाडंभरडं दळतात. मला आता चावत नाही. बारीक दळ. अगदी बारीक."

कानसनं पिशवीत हात घातला, दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली.

"हे गहू आहेत," ती म्हणाली, "की अंगण झाडून आणलंस?"

आणि तिनं बटण दाबलं.