वजन उचलायचं नाही

विट्यात फिजिओथेरपीचं छोटं सेंटर चालवते त्याला चौदा वर्षं झाली. कंबर दुखणारा माणूस शेक घेताना गप्प पडत नाही, घरातलं सगळं सांगून टाकतो. असे किस्से साठत गेले. हसत सांगायला घेते, पण हल्ली शेवटपर्यंत हसत सांगता येत नाही.

एक रिटायर्ड सुभेदार होते. त्यांना रोज दहा वेळा करायचा व्यायाम दिला. चौथ्या दिवशी जावयाने त्यांना गाडीत आडवं घालूनच आणलं.

"किती वेळा केलात?"

"शंभर!"

"अहो, दहा सांगितले होते!"

"दहा? आवं मॅडम, फौजेत दहाला कुणी सुरुवात बी म्हणत न्हाई!"

पुढे महिनाभर सुभेदार छताकडे बघत पडून होते.

मग कुंडल गावची एक सून आली. वैरणीचे भारे उचलून मणका सरकलेला. तिला पट्टा दिला, साडीच्या आतून बांधायला शिकवलं. पुढच्या वेळी बघते तर पट्टा साडीवरून!

"अगं, आतून बांध म्हटलं होतं ना?"

"आतनं बांधला तर सासूला कसा दिसायचा?"

एमआरआयची फिल्मसुद्धा तिने घरात खिडकीला लावून ठेवली होती.

एक काका पंचवीस वर्षं परमुलखात सोनं गाळायच्या भट्टीपुढे वाकून बसलेले. आता इथे बंगला, हॉलमध्ये भलामोठा सोफा. त्यांना सरळ बसायला शिकवलं. दोन मिनिटं बसले आणि परत वाकले.

"काय झालं काका?"

"सरळ बसलं की काम सोडून उठल्यागत वाटतंय."

भट्टी मुलाच्या हाती देऊन त्यांना दोन वर्षं झाली होती.

आणि शालनकाकू. जवळच्याच खेड्यातल्या. त्यांना पहिल्याच दिवशी पट्टा दिला आणि बजावलं, वजन उचलायचं नाही. काकूंनी हंडा सोडला, भारा सोडला, पिठाचा डबासुद्धा सुनेला उचलायला लावला. महिना झाला तरी फरक नाही. मी चिडलेच.

"काकू, खरं सांगा, अजून काय उचलता?"

"काय बी न्हाई. मालकांस्नी तेवढं. सकाळ-संध्याकाळ."

मालक तीन वर्षं लकव्याने अंथरुणावर. महिनाभर मला विचारायचं सुचलं नव्हतं, याची अजून लाज वाटते.

"त्यांच्यासाठी माणूस ठेवा ना."

"दुसऱ्याचा हात लागला की त्यांच्या डोळ्यांस्नी पाणी येतंय. मीच पायजे."

मग उचलायचं कसं तेच शिकवलं. गुडघे वाकवायचे, माणूस छातीशी घट्ट धरायचा, मग उठायचं. काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

"लगीन झाल्यापासनं एवढं जवळ घेतलं न्हवतं बघा!"

दोन महिन्यांनी त्या परत आल्या, चक्क ताठ चालत. मला इतका आनंद झाला की खुर्चीतून उठलेच.

"बघा काकू! कमी आलं ना दुखणं?"

"व्हय. लय कमी हाय."

"वजन उचलायचं बंद केलंत शेवटी!"

काकूंनी पिशवीतून पट्टा काढला. धुऊन, घडी घालून आणलेला. तो माझ्या टेबलावर ठेवला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बंद झालं."