अम्गऱ्यात नाकारलेला चहा

कुवेतला निघायच्या आदल्या दिवशी मी गंगारामदादांकडे त्यांच्या मुलासाठीचं, रमाकांतसाठीचं, पुडकं आणायला गेले. दादा आमच्या गावच्या खालच्या वाडीतले जुने सुतार. रमाकांत शाळेत माझ्या हाताखाली शिकला आणि आता कुवेतला फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करतो. वहिनींनी फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचं पुडकं दारातच माझ्या हातात दिलं, मीही दारातच घेतलं. माझी नेहमीचीच घाई.

विमान उतरताना खिडकीतून खाली पाहिलं, तर परातीतलं पीठ सांडून ठेवावं तशी नुसती वाळू. माझा धाकटा भाऊ विलास कुवेत शहरालगत रिग्गईला राहतो. त्याच्या मुलीला मी मराठीत दहा गोष्टी विचारायच्या आणि तिनं “येस, आत्या” एवढंच इंग्रजीतून म्हणायचं, असा आमचा संवाद. पण विलासच्या बायकोनं पहिल्याच दुपारी जुबैदी (आपलं पापलेट) तळून वाढलं आणि बरोबर गरम खुबूस (तिथली तंदूरची रोटी). मी खूश झाले. कुवेत म्हणजे काही अगदीच परदेश नाही, असं माझं मत झालं. माझी मतं फार लवकर होतात.

आठवडा होतो न होतो तोच वादळ आलं. आधी धुळीनं आभाळ गढूळलं, भरदुपारी दिवे लावावे लागले आणि मग विजांसकट पाऊस कोसळला. मी कोकणातली, मला पावसाचं काय कौतुक! पण आमच्याकडे पाण्याला वाट ठाऊक असते. इथं ते रस्त्यातच बसून राहिलं.

गऱ्यांचं पुडकं अजून माझ्याकडेच होतं आणि दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर रमाकांतचा फोन लागेना. विलासच्या ओळखीचे गफूरभाई, मूळचे दापोलीकडचे, पिकअप चालवतात. ते आम्हा दोघांना अम्गऱ्याला घेऊन गेले. तिथं सगळी भंगाराची आवारं, वर्कशॉपं, फरशी-लाकडाच्या वखारी. वाऱ्यानं पत्रे उडवून कुठल्या कुठे नेले होते. कारखान्याच्या मागच्या बाजूला रमाकांतची खोली होती. आत अजूनही घोटाभर चिखल, कोपऱ्यात खाटेवर तापानं फणफणलेला रमाकांत. उडता पत्रा धरायला गेला आणि हात कापला होता. बरोबरची माणसं कारखान्यातलं पाणी उपसायला गेली होती.

आणि छपरावर एक गोरा पोरगा पत्रा ठोकत होता.

“वादळ झालं तसा फिरतोय हा ताडपत्री घेऊन,” रमाकांत म्हणाला. “डॅनियल नाव त्याचं. अमेरिकन आहे, वडील इथं इंजिनीअर आहेत. सकाळपासून चिखल काढला त्यानं. संध्याकाळी परत पाऊस सांगितलाय बाई, त्याच्या आत छप्पर झालं पाहिजे.”

मी पदर खोचला, स्टोव्हवर चहा टाकला आणि पोराला खाली बोलावलं. वीस-बावीस वर्षांचा असेल, कानापर्यंत चिखलानं माखलेला. मी कप पुढे केला.

“नक्को आंटी. मेरेकू चाय नक्को.”

अमेरिकन तोंडातून ही हैदराबादी हिंदी ऐकून आम्ही हसलो. पण कप काही त्यानं घेतला नाही. मी पुन्हा पुढे केला, तो पुन्हा “नक्को”. का नको, ते सांगेना. नुसता हसून खाली बघायचा. आमच्याकडे दारात आलेला वैरीसुद्धा घोटभर घेतो. मी विचारलं, ही हिंदी कुठं शिकलास?

“हैदराबाद में आंटी. दो साल मिशनरी था.”

मिशनरी! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजारी माणूस, मोडकं घर आणि वर मदतीचा हात. मी इंग्रजीची बाई, तेव्हा अस्खलित इंग्रजीतच त्याला झापलं. यांच्या घरचा चहा तुला चालत नाही आणि यांचा धर्म बदलायला मात्र येतोस? आमचा धर्म आम्हाला पुरे आहे, तुझी मदत नको.

“बाई...” रमाकांत खाटेवरून म्हणाला.

“तू गप्प पड,” मी म्हणाले आणि तो गप्प पडला. शाळेतही असाच गप्प व्हायचा.

पोरगा लालबुंद झाला. “सॉरी आंटी,” म्हणाला, हातोडी आणि ताडपत्री भिंतीशी नीट ठेवली आणि चालता झाला. मला त्या क्षणी गड जिंकल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

विलासला छपरावर चढता येईना, गफूरभाईंचा गुडघा दुखरा. संध्याकाळी पाऊस आला. अर्धवट ठोकलेला पत्रा वाऱ्यानं उचलला आणि पाणी थेट रमाकांतच्या अंथरुणावर पडलं. त्याला चादरीत गुंडाळून आम्ही कसंबसं पिकअपमध्ये घातलं. तो थंडीनं थडथड उडत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

“बाय, तुमी त्याला उगाच बोल्लाव,” गफूरभाई गाडी चालवता चालवता म्हणाले. “मी वळखतो त्याला, तो मॉर्मन आहे, किरिस्तावांतला एक पंथ. त्यांच्या धर्मात चाय, कॉफी, दारू काय चालत नाय. आनि धर्माची गोष्ट इथं बाहेर करायला बंदी आहे. म्हणून तो कारन पन सांगत नाय.”

रमाकांत डोळे मिटूनच म्हणाला, “बाई, आमच्या हातचा चहा न घेणारी माणसं मी गावात पाहिलीत. ती आमच्या छपरावर चढत नाहीत.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रिग्गईला पोचल्यावर मी त्याला विलासच्या पलंगावर निजवलं.

दुसऱ्या दिवशी रमाकांतचा ताप उतरू लागला. मी गफूरभाईंबरोबर अम्गऱ्याला गेले, तर डॅनियल छपरावर! कुणी बोलावलं नव्हतं. मी विलाससाठी कोकमाचं आगळ नेलं होतं, त्याचं सरबत बाटलीत भरून घेतलं होतं. पेला भरून मी पुढे केला. गफूरभाईंनी त्याला सांगितलं, यात चहा नाही, हे फळ आहे. त्यानं एका दमात पेला संपवला.

“बहुत अच्छा है आंटी! और है?”

“हौ,” मी त्याच्याच हिंदीत म्हणाले.

शाळेत मी पोरांना वर्गासमोर उभं करून एकमेकांची माफी मागायला लावत असे. मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. आता इंग्रजी, हिंदी, मराठी, तिन्ही भाषा हाताशी होत्या आणि मी नुसतं सरबत ओतत राहिले. त्यानं शेवटचा खिळा ठोकला, मलाच थँक्यू म्हटलं आणि पुढच्या वखारीकडे गेला. पुन्हा भेटला नाही.

गावी परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, कुवेत कसं? मी मॉल सांगितले, समुद्र सांगितला, जुबैदी सांगितली.

मग रमाकांतनं दिलेला खजूर आणि वहिनींसाठीची शाल घेऊन गंगारामदादांकडे गेले. या वेळी दारात थांबले नाही, ओटीवर जाऊन बसले. वहिनींनी शाल गालाला लावली. दादांनी लेकाच्या हाताबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं. नव्या छपराबद्दल मी सांगितलं. ते कुणी घातलं तेही सांगितलं, मी त्याला कसं हाकललं तेही.

बोलणं संपलं तरी मी बसून होते. आमच्या गावात कुणाकडेही टेकलं की आधी चहाचं आधण चढतं. इथं कुणी विचारतच नव्हतं. मग लक्षात आलं. “आत्ताच घेऊन निघाले हो,” असं मी या घरात इतक्यांदा म्हटलं होतं की त्यांनी विचारणंच सोडून दिलं होतं. त्या पोराकडे निदान कारण होतं.

“वहिनी,” मी म्हणाले, “मला चहा हवाय.”

वहिनींनी आधी दादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शाल हातातच राहिली होती.

“चालेल बाई तुम्हाला? आमच्याकडचा?”

अम्गऱ्यात मी एवढं इंग्रजी फाडलं होतं. इथं मी खाली बघून नुसती मान डोलावली.