टाचणीबाईंची मदार

टाचणीबाईंच्या तोंडात कायम चार-पाच टाचण्या असायच्या, आणि त्या नसल्या की त्याहून टोकदार काहीतरी असायचं. जुने कपडे सैल करणं, तंग करणं, चेन बदलणं, बाह्या आखूड करणं हा त्यांचा धंदा. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिथे एक शिलाई मशीन, एक उंच आरसा आणि गळ्यात टेप टाकलेल्या बाई. टेप अंगाभोवती फिरला की माणसाचं काही लपत नाही. पोस्टातल्या कारकुनाचा डावा खांदा उतरलेला आहे, हे त्याच्या बायकोलाही धड ठाऊक नव्हतं. बाईंनी कोटाच्या आतून पॅड बसवून तो इतका बेमालूम वर उचलला की कारकून खूश होऊन घरी निघाला, आणि तो कोपऱ्यावर पोचायच्या आत गल्लीभर झालं की साहेबांचा एक खांदा कापसाचा आहे. तेव्हापासून पोरं त्याला 'अर्धी गादी' म्हणायची. नाव अर्थात बाईंनीच ठेवलेलं.

अख्ख्या गल्लीची मापं घेणाऱ्या या बाईंची पाठ मात्र कधी कोणी मोजली नव्हती. स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हातात टेप द्यायला त्या तयार नसत. मशीनवर वाकून वाकून मानेखाली उजव्या अंगाला चांगला उंचवटा आला होता. स्वतःचे कपडे शिवताना पाठीला त्या सढळ हाताने कापड सोडायच्या. वय झालं की सैलच बरं, म्हणायच्या. आरशात त्या रोज दिसत, पण समोरून.

नवरा गेल्यावर याच मशीनच्या जोरावर त्यांनी मुलाला वाढवलं होतं, आणि हे त्या कोणाला विसरू देत नसत. "या घराची सगळी मदार माझ्यावर आहे," हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचंच. सूनबाई आत भाजी चिरता चिरता पुटपुटायची, "दिसतेय की मदार. उंटालासुद्धा एवढी नसते." मशीनच्या खडखडाटात ते बाईंच्या कानावर जात नसे. सुनेच्या पायापाशी खेळणाऱ्या नातीच्या कानावर मात्र जायचं.

आता मुलाने लांब, दुसऱ्या वस्तीत नवं घर घेतलं होतं. खोकी भरायला सुरुवात झाली होती, आणि बाईंना न्यायचं की नाही याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. बाईही मानी. विचारलं नाही. पण मशीन नव्या घरात कुठल्या खिडकीपाशी बसेल, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात करून ठेवला होता. विषय निघाला की मुलगा चपला शोधायला लागायचा. तेव्हा बाईंनी सगळा डाव नातीवर लावला. पोरीने हट्ट धरला की बापाचं काही चालत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पोरगी एकदा 'आजी हवी' म्हणून अडून बसली की झालं.

म्हणून नात येऊन "आजी, मला खेळायला मदार शिवून दे ना, पाठीला बांधायची," म्हणाली, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

"उंट व्हायचंय होय माझ्या राणीला?"

नात जरा थांबली. मग म्हणाली, "हो."

गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला पडले. चिंध्यांच्या पिशवीतून तपकिरी कॉर्डरॉय निघालं. आत मऊ अस्तर, आकार ढळू नये म्हणून कडेला बुकरमचं ताठ कापड, वर दप्तरासारखे दोन पट्टे. कापूस बाईंनी बोटांनी पिंजून पिंजून भरला, एक गाठ राहू दिली नाही. घालून बघताना नातीने नाक मुरडलं.

"मधोमध नको. उजवीकडे घे."

"अगं, असा वाकडा उंट कुठे असतो का?"

"आमचा आहे. आणि वर घे. मानेला टेकली पाहिजे."

"फार चिकित्सक गिऱ्हाईक आहे बाई." टाचण्यांआडून बाई हसल्या. "नव्या घरी तुला हत्तीची सोंड शिवून देईन. आता मी तिथे असले तर." आणि तिरक्या डोळ्याने पोरीकडे बघितलं. पोरगी आरशात वळून वळून आपली पाठ बघण्यात गर्क होती.

दुपारी नात आणि औषधवाल्याची मुलगी आतल्या खोलीत खोक्यांच्या मधोमध खेळायला बसल्या. उंट कसा चालतो ते बघावं म्हणून बाई पडद्याआड उभ्या राहिल्या.

नात उपड्या बादलीवर वाकून बसली होती. पाठीवर मदार, गळ्यात रिबीन, ओठ टाचण्या धरल्यासारखे घट्ट. पाय मशीन चालवल्यासारखे खालीवर होत होते.

"या घराची सगळी मदार माझ्यावर आहे," ती दातांतून म्हणाली.

औषधवाल्याच्या मुलीने सूनबाईसारखी खांद्याला मोठी पर्स अडकवली होती. "हो का? मग तुम्ही मदार घेऊन इथेच राहा. नव्या घरात तो खडखडाट नको आणि ती कटकटही नको."

"तसं नाही गं," नातीने ओठ सैल करून तिला समजावलं. "आधी आई बाबांना सांगते. मग बाबा म्हणतात, तूच सांग तिला, मला नाही जमणार. मग आई म्हणते, ट्रक आला की सांगू."

दोघी परत पहिल्यापासून खेळायला लागल्या.

बाईंचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावरून मागे गेला. अर्ध्या चढावर पोचला आणि थांबला.

नातीला त्या दिसल्या. ती जराही न ओशाळता धावत आली. "आजी, पट्टा घसरतोय."

बाईंनी मदार उतरवून घेतली. "ही कोणाची गं?"

"तुझी. अगदी तुझ्यासारखी झालीये. हिलापण आवडली."

एरवी बाईंचं उत्तर समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तयार असायचं. आज त्यांनी मशीनपाशी बसून आधी टाचण्या तोंडात घेतल्या. पट्ट्याला लागणार होत्या त्याहून कितीतरी जास्त.

"नव्या घरी नेणार का ही?" त्यांनी तशाच तोंडाने विचारलं.

"हो मग. आई म्हणाली, खेळणी सगळी न्यायची."

बाईंनी पट्ट्यावर दुहेरी टीप मारली.

ट्रक आला त्या सकाळी सूनबाई हात पुसत पुढच्या खोलीत आली. "आई, जरा बोलायचं होतं."

"मशीन हलवायचं नाहीये. कळलंय मला."

मुलगा दारात चपला शोधत होता. चपला त्याच्या पायातच होत्या.

नात ट्रकमध्ये पुढे बसली. मदार मध्ये येत असल्यामुळे तिला मागे टेकता येत नव्हतं, पण काढायला ती तयार नव्हती. गल्ली दारादारात उभी होती. कोणाला वाईट वाटलं असेल, तर त्याने ते छान लपवलं होतं. पोस्टातला कारकून तर कोट घालून खाली उतरला होता.

"काय टाचणीबाई, मदार चालली वाटतं?"

"चालू दे. शिलाई पक्की आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा खांदा तेवढा आणा एकदा. कापूस बसलाय."

गल्ली हसली. कारकूनही हसला, आणि हसता हसता त्याने पाठीला पोक काढून दाखवला.